माणसे नेमावी कोठून, राखावी कशी: बिदर-कलबुर्गीच्या कारभारातील एका जुन्या वादाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

कारखाना असो, कचेरी असो की शाळा असो, तिच्या चालकापुढे तीन कामे नित्य उभी असतात: माणसे नेमणे, नेमलेली माणसे तयार करणे आणि तयार झालेली माणसे हातची जाऊ न देणे. या तिन्हींविषयी व्यवस्थापकांना उपदेश करणारे ग्रंथ आज विपुल आहेत, आणि त्यांतील पुष्कळसा उपदेश उपयुक्तही आहे. तथापि तो बहुधा अशा शहरासाठी लिहिलेला असतो की जेथे एका जागेसाठी शंभर अर्ज येतात आणि नेमणुकीचा हुकूम हाती पडताच माणूस बिऱ्हाड शोधू लागतो. कर्नाटकाच्या बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांची स्थिती तशी नाही. येथे मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारात चालतात. स्वतःच्या राज्याची राजधानी बिदरहून सातशे किलोमीटरांच्या आसपास दूर, तर शेजारच्या राज्याचे हैदराबाद तेथून दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. आणि उमेदवार लायक आहे काय हे विचारण्यापूर्वी तो कोठला आहे हे विचारण्याची येथील रीत बहमनी तख्ताइतकी जुनी आहे.

मतभेद त्याहूनही प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्य कोणाला नेमावे यावर पूर्वाचार्यांची मते ओळीने दिली आहेत. भारद्वाज म्हणतो, सहाध्यायी नेमावेत, कारण त्यांची पारख झालेली असते. पिशुन म्हणतो, ज्यांनी ठरलेला वसूल आणून दाखवला तेच खरे. कौणपदंताच्या मते पिढीजात सेवकच निष्ठावंत असतात. वातव्याधि याच्या अगदी उलट नवे, नीतिज्ञ लोक घ्या असे सांगतो, कारण जुने लोक धन्यालाच गुंडाळतात. आणि बाहुदंतीपुत्र त्यावर आक्षेप घेतो की पोथी वाचलेला परंतु काम न केलेला नवखा ऐन वेळी खचतो. या सर्वांवर कौटिल्याचा निवाडा असा की सर्वांचेच म्हणणे रास्त आहे, परंतु पुरुषाचे सामर्थ्य त्याच्या कार्यावरून ठरते. आढावा कसा घ्यावा याचा हा एक उत्तम नमुना असला, तरी त्या निवाड्याने वाद मिटला नाही. अकराव्या शतकात सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क याने सियासतनाम्यात एका माणसाकडे दोन हुद्दे देऊ नयेत आणि फौज एकाच जातीच्या लोकांची नसावी असे बजावले. पुढे दख्खनेत जे कारभारी आले ते याच फारशी परंपरेत वाढले होते.

बहमनी दरबारातील दोन पक्ष

१३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन होऊन गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) त्याची राजधानी झाली तेव्हा त्याचा कणा म्हणजे उत्तरेतून येऊन दख्खनेत मुरलेली घराणी होती. परंतु राज्य वाढत गेले तसा कसबी माणसांचा तुटवडा भासू लागला, आणि फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिल्याप्रमाणे फिरोजशहाने गोवा आणि चौल या बंदरांतून जहाजे पाठवून इराण-अरबस्तानातील विद्वान व गुणी माणसे आणवण्याचा परिपाठ ठेवला. त्याचा भाऊ अहमदशहा याने राजधानी बिदरला नेली आणि इराक, खुरासान, तुर्कस्तान येथील तिरंदाज हजारोंनी चाकरीस ठेवले. हे परदेशस्थ ते आफाकी किंवा गरीब (म्हणजे परके). आधीपासून येथे असलेले ते दख्खनी, आणि हबशी बहुतेक त्यांच्याच बाजूचे. दुसऱ्या अलाउद्दीनाच्या कारकीर्दीत दरबारात आफाकींना उजवीकडे आणि दख्खनी-हबश्यांना डावीकडे उभे करण्याचा हुकूम झाला. एका मोहिमेतील यशाबद्दल दिलेले ते बक्षीस होते. परंतु यशाचे बक्षीस एका संपूर्ण वर्गाला देण्यात आले की अपयशाची शिक्षाही वर्गालाच होते, आणि तसेच झाले. पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या मोहिमेत शिर्के-मोऱ्यांच्या मुलखात खलफ हसन हा आफाकी सेनापती पडला, आणि त्याच्या फौजेतील जे वाचले त्यांची चाकणच्या किल्ल्यात दख्खनी सरदारांकरवी कत्तल झाली.

दोन्ही पक्षांच्या तक्रारींत तथ्य होते. आफाकींचे म्हणणे असे की आम्हाला आमच्या कसबासाठी बोलावण्यात आले, ते कसब येथे नव्हते, आणि आमचे येथे गणगोत नसल्यामुळे आमची निष्ठा एका धन्याशीच राहते. दख्खनींचे म्हणणे असे की मुलूख आम्हाला ठाऊक आहे, रयतेची भाषा आम्हाला येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या सेवा करूनही काल गलबतातून उतरलेल्या माणसाच्या हाताखाली आम्ही उभे राहावे हा कोठला न्याय. रशियाचा व्यापारी निकितीन १४७० च्या आसपास बिदरला होता. त्याच्या वृत्तांतात येथील सत्ताधारी आणि सरदार सारे खुरासानी असल्याची नोंद आहे. उलट फिरिश्ता हा स्वतः अस्तराबादचा, म्हणजे आफाकी. त्याची साक्ष घेताना हे विसरून चालत नाही.

गावानची तोड आणि तिची परिणती

या वादात ज्याने विचारपूर्वक मधला मार्ग काढला तो ख्वाजा महमूद गावान. गिलाण प्रांतातून दाभोळच्या बंदरात उतरलेला हा व्यापारी बिदरच्या दरबारात मलिक-उत्‌-तुज्जार (व्यापाऱ्यांचा प्रमुख) झाला आणि तिसऱ्या महंमदशहाच्या काळात सर्व कारभार त्याच्या हाती आला. पूर्वीच्या चार तरफांच्या (प्रांतांच्या) त्याने आठ केल्या. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवरील किल्लेदार परभारे सरकारातून नेमण्याची पद्धत घातली. आणि या आठ जागा दोन्ही पक्षांत वाटल्या. गाविल फतहुल्ला इमादुल्मुल्काकडे, माहूर खुदावंदखान हबश्याकडे, गुलबर्गा दस्तूर दिनार हबश्याकडे. दौलताबाद युसुफ आदिलखानाकडे, जुन्नर एका गिलाणी सरदाराकडे. राजमहेंद्री मलिक हसन बहिरीकडे. हा मलिक हसन जन्माने पाथरीकडील ब्राह्मण, लहानपणी युद्धात पाडाव होऊन मुसलमान झालेला, आणि दख्खनी पक्षाचा अध्वर्यू होता.

व्यवस्थापकाने बारकाईने पाहावी अशी गावानची दुसरी सुधारणा पगाराची आहे. पाचशे स्वारांच्या सरदाराची वर्षाची नेमणूक एक लाख होनांची होती, ती त्याने सव्वा लाखावर नेली. परंतु हजेरीत जितके स्वार कमी भरतील तितक्यांची रक्कम कापून घेण्याचा दंडकही त्याच वेळी घातला. वाढ आणि तपासणी या दोन गोष्टी त्याने एकाच हुकुमात बांधल्या, आणि यातच त्याच्या शहाणपणाचे व त्याच्या शत्रुत्वाचेही मूळ आहे; कारण वाढलेले पंचवीस हजार लोक लवकरच आपल्या हक्काचे समजू लागले, आणि कापलेली रक्कम मात्र प्रत्येकाच्या मनात राहिली. त्यातच तेलंगणाची एक तरफ फोडून राजमहेंद्री आणि वारंगळ अशा दोन झाल्याने मलिक हसनाला जे सबंध मिळायचे ते अर्धे मिळाले.

पुढची हकिगत फिरिश्त्याने दिली आहे. गावानचा शिक्का ज्या हबशी गुलामाच्या ताब्यात असे त्याच्याशी विरोधकांनी सलगी केली, तो दारूच्या धुंदीत असताना एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, आणि त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहून ते सुलतानापुढे ठेवले. शिक्का आपला, मजकूर आपला नाही, एवढेच गावान सांगू शकला. चौकशी झाली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी छावणीत त्याचा शिरच्छेद करण्यात आला. तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. ज्याने स्वारांची गणती लावली, किल्ल्यांचे अधिकार विभागले, त्याच्या स्वतःच्या शिक्क्याची किल्ली एकाच माणसाच्या शुद्धीवर अवलंबून असावी, ही गोष्ट कचेऱ्यांत आयुष्य घालवलेल्या कोणालाही फारशी चमत्कारिक वाटणार नाही.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाशी सर्वाधिक निगडित आहे. इमादुल्मुल्क आणि खुदावंदखान हे आफाकी नव्हते, पक्षाने दख्खनीच मानले जात. परंतु त्यांनी आपले तळ सुलतानाच्या छावणीपासून दूर हलवले, कारण गावानसारख्या माणसाला चौकशीविना मारता येते तर आपली शाश्वती काय, असा प्रश्न त्यांना पडला. मलिक हसन काही काळ सर्वाधिकारी झाला आणि १४८६ मध्ये तोही बिदरातच मारला गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड येथील तरफदार स्वतंत्र झाले. बिदरला बरीद घराण्याच्या पंखाखाली नामधारी तख्त उरले. एका सेवकाला ज्या रीतीने काढले त्या रीतीमुळे दोन्ही पक्षांचे सेवक गेले. भरतीचे प्रमाण गावानने जितके समतोल राखले तितके पुढे क्वचितच कोणी राखले असेल. राज्य फुटले ते त्या प्रमाणावरून नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इतर अभ्यासक पक्षभेदाला अधिक वजन देतात, आणि चाकणचा प्रकार पाहता त्यांचेही म्हणणे निराधार नाही.

मुल्की आणि गैरमुल्की

हाच वाद एकोणिसाव्या शतकात हैदराबाद संस्थानात नव्या नावाने उभा राहिला. पहिला सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाला तेव्हा खजिना रिता होता आणि महसूल मक्तेदारांच्या हाती होता. मक्ते मोडून पगारी तालुकदार नेमावयाचे तर शिकलेली माणसे हवीत. ती त्याने उत्तर हिंदुस्थानातून आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिनुल्मुल्क, चिराग अली ही त्यांतील ठळक नावे. कारभार सुधारला यात शंका नाही; परंतु फारशीच्या जागी उर्दू आली, आलेल्यांचे आप्तही मागोमाग आले, आणि संस्थानच्या जुन्या घराण्यांत असंतोष धुमसू लागला. त्याचे पर्यवसान मुल्की नियमांत झाले. १९१९ मध्ये पक्के झालेल्या या नियमांप्रमाणे जन्माने संस्थानचा असलेला, किंवा पंधरा वर्षे येथे वास्तव्य करून परत न जाण्याचे लेखी देणारा, तोच मुल्की; इतरांना नेमावयाचे तर सरकारची खास मंजुरी हवी.

बिदर आणि गुलबर्ग्याच्या मराठी-कानडी रहिवाशांच्या दृष्टीने या नियमात एक मोठी पोकळी होती. ते मुल्की होतेच, परंतु नोकरीची भाषा उर्दू असल्याने घरात उर्दू नसलेल्या मुलाला दरवाजा उघडा असूनही उंबरा उंच राहिला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण देशी भाषेत, म्हणजे उर्दूत, देण्याचा धाडसी प्रयोग केला. परंतु ती भाषा बहुसंख्य रयतेची नव्हती. मुल्की हा हक्क मुलखाचा की एका भाषावर्गाचा, हा प्रश्न त्या वेळी पुरता सोडवला गेला नाही.

पोलीस कारवाईपासून ३७१ (जे) पर्यंत

१९४८ च्या सप्टेंबरातील हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतर मद्रास, मुंबई आणि मध्य प्रांतातून अधिकारी आणण्यात आले. तडकाफडकी कारभार चालवणे भाग होते, त्यामुळे या भरतीचे समर्थन करता येते. परंतु १९५२ मध्ये मुल्की चळवळ पेटली आणि सप्टेंबरात हैदराबाद शहरात गोळीबारही झाला. १९५६ मध्ये संस्थानच विभागले गेले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मराठवाड्यात गेले. बिदर, भालकी, औराद आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. कचेऱ्यांतल्या नोकरांचे विभाजनही असेच झाले, आणि कालपर्यंत उर्दूत टिपण लिहिणाऱ्या मराठी कारकुनाला कानडीची परीक्षा देणे प्राप्त झाले. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने सेवाशर्तींना संरक्षण दिले होते. तरी म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कोडगू येथून आलेल्या नोकरांची ज्येष्ठता एकाच यादीत कशी लावावी यावरून तंटे वर्षानुवर्षे चालले.

१९५७ च्या कायद्याने वास्तव्याची अट सर्वसाधारणपणे रद्द झाली. तेलंगणापुरती ती राखली गेली, आणि पुढे १९७३ मध्ये घटनेच्या ३७१ (डी) कलमाने तिला नवे रूप मिळाले. त्याच संस्थानाचे कर्नाटकात आलेले जिल्हे मात्र उघड्यावर पडले. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीच्या २००२ च्या अहवालाने राज्यातील प्रादेशिक विषमतेचे तालुकावार चित्र मांडले आणि तशाच संरक्षणाच्या मागणीला आकडेवारीचा आधार दिला. अखेर २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) कलम आले. त्याखालच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे या विभागातील ‘अ’ वर्गाच्या कनिष्ठ श्रेणीत व ‘ब’ वर्गात ७५, ‘क’ वर्गात ८० आणि ‘ड’ वर्गात ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव आहेत. २०१९ पासून या विभागाला कल्याण-कर्नाटक म्हणतात.

आज मांडल्या जाणाऱ्या भूमिका

पहिली भूमिका स्थानिक-प्रथम पक्षाची. तिच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य आधार अनुभवाचा आहे: दक्षिणेकडून आलेला कर्मचारी बिदरची नेमणूक शिक्षा समजतो, रुजू होतो तो बदलीचा अर्ज खिशात घेऊनच, आणि जागा कागदावर भरलेली व खुर्चीवर रिकामी राहते. स्थानिक माणूस राहील, कारण त्याला जावयाचे नाही. दुसरी भूमिका गुण-प्रथम पक्षाची: उमेदवारांचे क्षेत्र आखडले की निवड आखडते, वैद्यक महाविद्यालयात अध्यापक नेमताना किंवा वाडी-शहाबादच्या सिमेंट पट्ट्यात अभियंता नेमताना दाखल्यापेक्षा हुनर महत्त्वाचा. तिसरी भूमिका प्रमाण ठरवण्याची आहे. खालच्या श्रेणीत स्थानिक अधिक, वरच्या श्रेणीत क्षेत्र खुले, अशी. ३७१ (जे) च्या चढत्या टक्केवारीत हीच दृष्टी दिसते, आणि गावानच्या आठ तरफांतही दुसऱ्या रूपाने हीच होती.

खासगी उद्योगांपुरता प्रश्न अधिक अवघड आहे. सरोजिनी महिषी समितीने १९८० च्या दशकात कन्नडिगांना रोजगारात प्राधान्य देण्याच्या शिफारशी केल्या. जुलै २०२४ मध्ये व्यवस्थापकीय जागांत ५० आणि इतर जागांत ७० टक्के स्थानिक नेमण्याचे विधेयक कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने संमत केले, आणि उद्योगांच्या विरोधानंतर एक-दोन दिवसांतच ते स्थगित ठेवले. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवला होताच. या चर्चेत ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा, की विभागाचा, हा भेद बिदरकराला विशेष जाणवतो. मंड्याचा उमेदवार राज्याच्या दृष्टीने स्थानिक असतो, आणि सीमेपलीकडच्या उदगीरचा परका.

तयार करण्याचे काम

माणसे आणण्यापेक्षा येथेच तयार करावी, हा विचार गावानलाही सुचला होता. १४७२ मध्ये बिदरला त्याने जो मदरसा बांधला तो तीन मजली, बाहेरून रंगीत कौलांनी मढवलेला. त्यात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. कवी जामी याला त्याने निमंत्रण पाठवले, तो आला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटाने इमारतीचा एक भाग उडाला. एक मिनार आणि कौलांचे काही पट्टे अजून शाबूत आहेत. आधुनिक काळात गुलबर्ग्याच्या हैदराबाद-कर्नाटक शिक्षण संस्थेने १९५८ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ आले, २००९ मध्ये आळंद तालुक्यात कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ. आता उणीव शिकवण्याच्या जागांची तितकीशी नाही. तक्रार अशी की शिकलेला मुलगा पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरतो.

मुरण्याने होणारे शिक्षण कसे असते ते बिदरी कामाच्या कारखान्यात पाहावे. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचे ओतलेले भांडे घासून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवले की ते तात्पुरते काळे पडते. त्या काळ्यावर उस्ताद टोकदार सळईने हातानेच नक्षी आखतो, मग छिन्नीने खोदून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडे बुडवले की जस्त कायमचे काळे होते आणि चांदी उजळून उठते. माती कोणती चालेल हे उस्ताद जिभेवर ठेवून ओळखतो. शागीर्द आधी घासतो, पुष्कळ उशिरा खोदतो, आणि मातीची चव त्याला सर्वांत शेवटी कळते. २००६ च्या सुमारास या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नाव सुरक्षित झाले, परंतु मजुरी परवडेना म्हणून शागीर्द मध्येच उठून गेला तर त्याच्याबरोबर जाते ते कोणत्याही दफ्तरातून परत काढता येत नाही. नोकरवर्गाच्या प्रशिक्षणावर खर्च करावा की नाही या चर्चेत, शिकवलेला जाईल या भीतीने शिकवणेच थांबवणारे मालक आणि शिकवलेला काही काळ तरी राहील असे म्हणणारे मालक, असे दोन तट आहेत. दोघांनाही आपापले दाखले मिळतात.

अनिर्णित राहिलेल्या बाबी

पहिली बाब बदलीची. मराठेशाहीतील आज्ञापत्र या राजनीतिग्रंथात किल्ल्यावरील हवालदार तीन, सरनोबत चार आणि सबनीस-कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत असा दंडक आहे. माणूस एके ठिकाणी मुरला की तेथे त्याची पाळेमुळे रुजतात, ही त्यामागची शंका. स्थानिक-प्रथम पक्षाला नेमके तेच रुजणे हवे आहे. सरकारी नोकराने मुलखात मिसळावे आणि हितसंबंधांत मिसळू नये, या दोन अपेक्षा एकत्र कशा पुऱ्या कराव्यात याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही पक्षाने दिलेले नाही.

दुसरी बाब भाषेची. औराद, भालकी, कमलनगर, बसवकल्याण या तालुक्यांतील मराठी शाळांना मराठीत शिकवणारा, परंतु खात्याशी कानडीत पत्रव्यवहार करू शकणारा शिक्षक लागतो. तो स्थानिकांतूनच मिळेल हे उघड आहे. परंतु स्थानिकपणाचा दाखला जन्म आणि वास्तव्य सांगतो, भाषा सांगत नाही. टक्केवारी पाळूनही अशा शाळेत चुकीचा माणूस नेमला जाऊ शकतो.

तिसरी बाब माणसे का जातात याची. भरतीविषयी शासनाचे आदेश, न्यायालयांचे निकाल आणि समित्यांचे अहवाल यांची बाडे आहेत. जाण्याविषयी जवळजवळ काही नाही. सेवापुस्तिकेत रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढ, बढती, ठपका आणि सेवानिवृत्ती यांच्या नोंदी काटेकोर असतात. बदली झाली तर ती विनंतीवरून की प्रशासकीय कारणास्तव एवढे लिहितात. या ‘विनंती’त म्हातारी आई असते, मुलांची शाळा असते, न कळणारी भाषा असते, आणि कधीकधी वरिष्ठाशी झालेला असा एखादा प्रसंग असतो की जो अर्जात लिहिण्याची सोय नसते. स्थानिक म्हणून नेमलेला आणि तरीही बेंगळुरूला बदलीसाठी धडपडणारा कर्मचारी, तसेच परका म्हणून आलेला आणि निवृत्तीनंतर बिदरलाच घर बांधून राहिलेला अधिकारी, हे दोघेही या जिल्ह्यांत भेटतात. त्यांची गणती मात्र कोणत्याही रकान्यात होत नाही.